नॅस्कारचा सीझन फॉलो करायचाय? एक गाडी निवडा आणि वर्षभर तिच्या मागे रहा

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली गाड्यांची रेसिंग, नव्याने बघणारा माणूस बहुतेक पहिल्या तासातच कंटाळतो. स्क्रीनवर ३६ ते ४० गाड्या, सगळ्या जाहिरातींनी भरलेल्या, सगळ्या डावीकडे वळतायत, मध्येच पिवळा झेंडा पडतो आणि सगळे एका रांगेत हळूहळू चालायला लागतात, कॉमेंट्रीवाले जोरजोरात बोलतायत आणि आपल्याला कळत नाही की आत्ता नेमकं काय झालं. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. नॅस्कारच्या बहुतेक टीम्सचे वर्कशॉप इथूनच आसपास, कॉनकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल असे पसरलेत, आणि इथल्या आपल्या मराठी लोकांत पण ‘एकदा जाऊन आलो, आवाज फार होता’ याच्यापुढे गाडी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदा नीट, माझ्या पद्धतीने लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाची. पुढे कोण आहे ते बघत बसू नका. एक ड्रायव्हर निवडा, कुठलाही, नंबर आवडला म्हणून निवडा, रंग आवडला म्हणून निवडा, आणि फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत त्याच्या गाडीचं काय होतंय तेवढंच बघा. तो २३ वा असेल तर २३ वा का आहे ते बघा. टायर, पेट्रोल, पिटमधला (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागेतला) वेळ, पॉइंट्स, नियम, एवढं सगळं एकदम डोक्यात भरायचा प्रयत्न केला तर जमत नाही, पण एका माणसाच्या मागे लागलं की यातली एकेक गोष्ट त्याच्यावर येऊन आदळते तेव्हा आपोआप कळत जाते. मी स्वतः डेनी हॅमलिनवाला आहे, ११ नंबरची टोयोटा, टीम जो गिब्स रेसिंग. त्यामुळे पुढे उदाहरणं त्याचीच जास्त येतील.

आता थोडी पार्श्वभूमी. बिल फ्रान्स नावाच्या माणसाने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात रेसवाल्यांची मीटिंग बोलावली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था उभी राहिली. १९४९ साली शार्लटला जी पहिली रेस झाली त्यात अटच ही होती की गाडी शोरूममधून येते तशीच पाहिजे, काही बदल करायचा नाही. ती रेस ग्लेन डनअवे जिंकला, आणि नंतर तपासणीत सापडलं की गाडीच्या मागच्या स्प्रिंग्स पक्क्या केल्यात, कारण ती गाडी चोरटी दारू वाहायला वापरली जायची. त्याला बाद केलं आणि जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे पहिल्याच रेसपासून हा खेळ तपासणीवाले आणि मेकॅनिक यांच्यातला पण आहे. २०२२ मध्ये पोकोनोला हॅमलिन पहिला आला, ट्रॉफी घेतली, आणि संध्याकाळी तपासणीत गाडीच्या पुढच्या भागावर रॅपच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या रंगीत आवरणाच्या, खाली टेप सापडली, झालं, बाद. दुसरा आलेला काइल बुश पण त्याच कारणाने बाद. तिसऱ्या आलेल्या चेस एलियटला, ज्याने त्या दिवशी एक लॅपसुद्धा (ट्रॅकची एक फेरी) लीड केली नव्हती, विजय मिळाला. कप सिरीजमध्ये, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, विजेत्याला असं बाद करायची वेळ १९६० नंतर पहिल्यांदा आली होती. तेव्हा रेस संपली म्हणून टीव्ही बंद करू नका, तपासणी पार पडेपर्यंत निकाल पक्का नसतो.

आजची गाडी अर्थातच शोरूमची नाही. बाहेरून शेवरले, फोर्ड किंवा टोयोटाचा चेहरा, आत सगळ्यांना जवळजवळ तेच ठरवून दिलेले पार्ट्स. २०२२ पासून ही नवी गाडी आली, तिला नेक्स्ट जेन म्हणतात. ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन, दरवाजे उघडतच नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो, एसी नाही, उन्हाळ्यात आतलं तापमान ५० डिग्रीच्या वर जातं आणि त्यात तीन-चार तास बसायचं. स्पीडोमीटर पण नसतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीझनचं म्हणाल तर कप सिरीजच्या पॉइंट्सवाल्या रेस ३६. फेब्रुवारीत डेटोना ५०० ने सुरुवात होते, म्हणजे सगळ्यात मोठी रेस आधीच होऊन जाते, हे बाकी खेळांच्या उलट आहे आणि मला ते आवडतं, कारण तीन महिने बंद असलेलं सगळं एकदम उघडतं. मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या रविवारी शार्लटला कोका-कोला ६००. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या विकेंडला डार्लिंग्टनची सदर्न ५००. आणि नोव्हेंबरात शेवट. बाकी जवळजवळ दर रविवारी, कधी शनिवारी रात्री, एक रेस असतेच, आणि एवढा लांब सीझन असल्यामुळेच एखाद्याचं नशीब मार्चमध्ये फुटलं तरी ऑगस्टपर्यंत तो सावरू शकतो.

ट्रॅक सगळे गोल आणि सारखेच असं वाटत असेल तर तेवढा गैरसमज आधी काढून टाका. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक एक लॅप म्हणजे जेमतेम ८५० मीटर, कागदाला लावायच्या क्लिपसारखा आकार, लांब दोन बाजू आणि दोन टोकांना एकदम आवळलेली वळणं, तिथे ब्रेक तापून लाल होतात आणि लोक एकमेकांना ढकलून पुढे जातात, जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून माणसाएवढं उंच लाकडी घड्याळ देतात. ब्रिस्टॉल साधारण तेवढंच, पण उभं काँक्रीट, एक लॅप १५-१६ सेकंदांत. डार्लिंग्टन अंड्याच्या आकाराचं, एक बाजू रुंद आणि एक अरुंद, कारण ट्रॅक बांधला तेव्हा जमीनमालकाने त्याचं मासळीचं तळं हलवायला नकार दिला आणि ट्रॅकच तळ्याला वळसा घालून गेला, त्यामुळे आजही एका टोकाला बरी चालणारी गाडी दुसऱ्या टोकाला नीट वळत नाही. त्यात तिथलं डांबर खरखरीत, टायर काही लॅप्समध्येच घासून जातो. सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेनला उजवी-डावी दोन्हीकडे वळणं असलेले रस्त्यासारखे ट्रॅक. २०२३ ला तर शिकागोच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर रेस झाली आणि न्यूझीलंडहून आलेला शेन व्हॅन गिसबर्गन कप सिरीजमधल्या पहिल्याच रेसमध्ये जिंकून गेला.

डेटोना आणि टॅलाडेगा हे प्रकरण वेगळंच. डेटोना चार किलोमीटरचा, वळणावर ३१ अंशांचा उतार, टॅलाडेगा त्याहून मोठा आणि ३३ अंश. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीत घुसली, प्रेक्षक जखमी झाले, तेव्हापासून अशा ट्रॅकवर इंजिनाला जाणारी हवा मुद्दाम कमी केली जाते. एरवी निदान ६७० हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे साधारण ५१० वर येतं. आता सगळ्यांकडे सारखीच, कमी केलेली ताकद, मग एकटी गाडी कुणाला सोडून जाऊच शकत नाही. हायवेला एसटीच्या मागे बाईक लावली की वारा लागत नाही आणि बाईक हलकी पळते, तसंच इथं पुढच्याच्या मागे चिकटलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि दोन गाड्या मिळून एका गाडीपेक्षा जोरात जातात. म्हणून ४० गाड्या तीन रांगांत, एकमेकींपासून हातभर अंतरावर, ताशी ३०० किलोमीटरने. कुणी मदत केली, म्हणजे मागून ढकललं, तरच पुढे जाता येतं, आणि मदत करणारा शेवटच्या लॅपला तुमचा दुश्मन असतो. एक चुकला तर वीस गाड्या एकदम आपटतात, त्याला सगळे ‘बिग वन’ म्हणतात. तुमचा ड्रायव्हर तिथे काहीही चूक न करता ३५ वा येऊ शकतो. हे गिळायला शिकावं लागतं.

आता एक रेस आतून कशी असते. २०१७ पासून प्रत्येक रेस तीन तुकड्यांत मोडलीये, त्याला स्टेज म्हणतात (कोका-कोला ६०० ला चार). पहिल्या स्टेजच्या शेवटी जो पहिला त्याला १० पॉइंट्स, मग ९, ८ असं दहाव्याला १. दुसऱ्या स्टेजला पुन्हा तसंच. शेवटी जो जिंकतो त्याला मोठे पॉइंट्स, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३४, असं खाली खाली शेवटच्याला १. सगळ्यात फास्ट लॅप मारणाऱ्याला वर एक. म्हणजे एखादा ड्रायव्हर दोन्ही स्टेज जिंकून २० पॉइंट्स घेऊन नंतर भिंतीला लागून बाहेर गेला तरी त्याचा दिवस पूर्ण वाया गेला असं नसतं, आणि उलट एखादा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा प्रमुख, मुद्दाम स्टेज संपायच्या आधीच पिटला येऊन ते पॉइंट्स सोडून देतो, म्हणजे पुढची स्टेज सुरू होताना बाकीचे पिटला जातील तेव्हा हा पुढे असेल. असा व्यवहार दर रविवारी चालतो. स्टेज संपली की ठरवून पिवळा झेंडा येतो, त्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही, विशेषतः सोनोमासारख्या ट्रॅकवर रंगात आलेली स्ट्रॅटेजी त्यामुळे तुटते, पण पॉइंट्सचं गणित मात्र त्याने जिवंत राहतं हे मान्य करावं लागतं.

पिवळा झेंडा म्हणजे कॉशन. कुणी आपटलं, ट्रॅकवर तुकडा पडला, की सगळे हळू होतात, पुढे पेस कार येते आणि मागे रांग लागते. दहा सेकंदांनी पुढे असलेल्याची आघाडी एका क्षणात शून्य. नवख्याला हा अन्याय वाटतो. पण त्या तीन-चार मिनिटांतच रेसचे सगळ्यात मोठे निर्णय होतात. पिटला जायचं की नाही, चार टायर की दोन, की नुसतं पेट्रोल, की काहीच नाही. एक लॅप मागे पडलेल्यांमधला जो पहिला असतो त्याला त्याची लॅप परत मिळते, त्यामुळे २५ व्या-२६ व्या नंबरसाठीसुद्धा जीव तोडून भांडण चाललेलं दिसतं, आता कळलं असेल का ते. आणि रेस शेवटच्या काही लॅप्समध्ये पिवळ्याखाली अडकली तर ओव्हरटाइम, म्हणजे ठरलेल्या लॅप्सच्या वर, पुन्हा हिरवा झेंडा आणि दोन लॅप्सची झुंज.

पिट स्टॉप एकदा फक्त बघण्यासाठी म्हणून बघा, स्लो मोशनमध्ये. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात. जॅकवाला गाडी यायच्या आधीच पुढे धावत जातो, उजवी बाजू एका दणक्यात वर, दोघे टायर बदलणारे एकेका चाकावर, एक जण टायर वाहणारा, एक पेट्रोलवाला, ज्याच्या खांद्यावर भला मोठा कॅन. आता चाकाला मधोमध एकच नट असतो, पूर्वी पाच असायचे. उजवी बाजू झाली की सगळे गाडीला वळसा घालून डावीकडे. जॅकवाल्याने डावी बाजू खाली टाकली की तोच ड्रायव्हरला ‘निघ’ असा इशारा. चार टायर आणि पेट्रोल, चांगल्या टीमला नऊ-दहा सेकंद. यातले बरेच जण कॉलेजला फुटबॉल किंवा दुसरा कुठलातरी खेळ खेळलेले, वर्षभर हीच प्रॅक्टिस करणारे. एक सेकंद जास्त लागला तर रीस्टार्टला चार-पाच जागा मागे. आणि पिटमध्ये वेगाची मर्यादा असते, ती मोडली की शिक्षा, पण मघाशी म्हटलं तसं गाडीत स्पीडोमीटर नाही, ड्रायव्हर इंजिनाचे फेरे आणि डॅशवरचे दिवे बघून अंदाजाने मर्यादेच्या अगदी काठावर गाडी चालवतो. ती शिक्षा झाली की सगळ्यांच्या मागे, आणि तिथून पुढे यायचं म्हणजे घाम.

टायरबद्दल थोडं थांबून सांगतो कारण सगळी स्ट्रॅटेजी तिथूनच निघते. नवा टायर चिकटतो, जुना सरकतो. प्रत्येक रेसला किती सेट मिळणार हे ठरलेलं असतं. चार नवे टायर घेतले तर वेग मिळतो पण पिटमध्ये वेळ जातो, दोन घेतले तर जागा मिळते पण पकड कमी. रेडिओवर ड्रायव्हर सतत सांगत असतो, ‘टाइट’ म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक वळत नाही, भिंतीकडे सरकते, ‘लूज’ म्हणजे मागचा भाग निसटतो. क्रू चीफ मग टायरमधली हवा अर्धा-एक पाउंड कमी-जास्त करतो किंवा मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार बदलतो. शार्लटच्या ६०० ला हे सगळ्यात छान कळतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास ऊन असताना सुरुवात, डांबर तापलेलं, आणि संपते रात्री गारव्यात, ९६५ किलोमीटर. उन्हात मस्त पळणारी गाडी रात्री हट्टी होते, आणि ज्या क्रू चीफने अंधाराचा विचार करून गाडी बनवलेली असते तो चौथ्या स्टेजला हळूच वर येतो. त्या रात्री गाड्यांच्या पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाच्या जागी शहीद सैनिकांची नावं असतात, रेसच्या मध्यावर सगळ्या गाड्या पिटमध्ये थांबतात, इंजिनं बंद होतात, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. मी पहिल्यांदा ते अनुभवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता दोन टायर की चार याची किंमत किती असू शकते ते बघू. २ नोव्हेंबर २०२५, फिनिक्स, सीझनची शेवटची रेस. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चौघे जण चॅम्पियनशिपला शिल्लक, हॅमलिन, काइल लार्सन, विल्यम बायरन आणि चेस ब्रिस्को, आणि या चौघांत त्या दिवशी जो पुढे तो वर्षाचा चॅम्पियन, बाकी वर्षभर काय केलं याला किंमत नाही. हॅमलिनचं हे विसावं पूर्ण वर्ष, त्या सीझनला ६ विजय, एकूण ६०, तीन डेटोना ५००, आणि चॅम्पियनशिप एकही नाही. २०१० ला शेवटच्या रेसला पॉइंट्समध्ये पुढे असताना हातातून गेली होती. फिनिक्सला तो पहिल्या नंबरवरून सुटला आणि ३१२ लॅप्सच्या रेसमध्ये २०८ लॅप्स पुढे राहिला. लार्सनचा दिवस बेकार, टायर गेला, एक लॅप मागे पडला, कशीबशी ती परत मिळवली, आणि तसाही मे महिन्यानंतर तो एकही रेस जिंकलेला नव्हता. तीन लॅप्स शिल्लक, हॅमलिन पुढे, आम्ही इथं घरात उभे राहिलो होतो. आणि बायरनचा टायर गेला, गाडी भिंतीला, पिवळा झेंडा.

सगळे पिटला. हॅमलिनच्या क्रूने चार टायर घेतले. लार्सनचा क्रू चीफ क्लिफ डॅनियल्सने फक्त दोन, उजव्या बाजूचे. पिटमधून बाहेर पडल्यावर लार्सन पाचवा, हॅमलिन दहावा. चार टायरवाल्याला पकड जास्त, पण फक्त दोन लॅप्स, आणि मध्ये एवढ्या गाड्या. रायन ब्लेनीने रेस जिंकली, लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा. लार्सन चॅम्पियन झाला, त्या रेसमध्ये एक लॅपसुद्धा लीड न करता. चार टायर चुकीचे होते असं मी आजही म्हणणार नाही, मागचे सगळे दोनच टायर घेतील हे आधी कुणाला कळतं, आणि लार्सनने नियमात राहून जे मिळवायचं ते मिळवलं, तो गुणी ड्रायव्हर आहे. पण ती रात्र मला फार जड गेली.

चॅम्पियन एका दिवसावर ठरावा की वर्षावर, हे भांडण तसं जुनं आहे. २००३ पर्यंत अख्ख्या सीझनचे पॉइंट्स मोजायचे. २००३ ला मॅट केनसेथ फक्त एक रेस जिंकून, पण सातत्याच्या जोरावर चॅम्पियन झाला आणि लोक म्हणाले हे कंटाळवाणं आहे. मग २००४ ला ‘चेस’ आलं, शेवटच्या दहा रेससाठी पुढच्या काही जणांचे पॉइंट्स जवळ आणून ठेवायचे. २०१४ पासून बाद फेऱ्या, दर तीन रेसला चार जण बाहेर, शेवटच्या दिवशी चौघे. आणि एक रेस जिंकली की प्लेऑफमध्ये, म्हणजे या शेवटच्या दहा रेसच्या टप्प्यात, जागा जवळजवळ पक्की. त्यात पहिल्याच वर्षी रायन न्यूमन सीझनमध्ये एकही रेस न जिंकता शेवटच्या चौघांत पोचला आणि अगदी थोडक्यात हुकला. २०२४ ला जोई लोगानो चॅम्पियन झाला तेव्हा वर्षभराच्या कामगिरीत त्याच्यापेक्षा कितीतरी जण सरस होते. थरार होता हे नाकारता येत नाही. याच नियमामुळे ऑक्टोबर २०२२ ला मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेनने शेवटच्या लॅपला पाचवा गिअर टाकून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी सरळ भिंतीला लावली आणि भिंतीच्या आधाराने वळणभर घासत पाच गाड्या मागे टाकल्या, कारण शेवटच्या चौघांत यायला त्याला आणखी काही जागा हव्या होत्या. ज्याची जागा गेली तो, अर्थातच, हॅमलिन. पुढच्या सीझनपासून नॅस्कारने त्या प्रकाराला बंदी घातली.

२०२६ पासून पुन्हा चेस आलंय आणि मला वाटतं नव्याने फॉलो करणाऱ्यासाठी याहून चांगली वेळ नाही. पहिल्या २६ रेसच्या पॉइंट्सवर वरचे १६ जण निवडायचे, जिंकलं म्हणून आपोआप आत जागा नाही. मग सगळ्यांचे पॉइंट्स नव्याने लावायचे, पहिल्याला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५, आणि खाली पाच-पाचने कमी होत सोळाव्याला २०००. त्यानंतर दहा रेस, कुणी बाद होत नाही, दहा रेसनंतर ज्याचे जास्त तो चॅम्पियन. आणि जिंकण्याला किंमत राहावी म्हणून विजयाचे पॉइंट्स ४० वरून ५५ केलेत. आता हिशोब करा, विजय ५५ आणि दुसरा ३५, म्हणजे वीसचा फरक, दोन्ही स्टेज जिंकून मिळतात तेवढा. एप्रिलमध्ये तुमचा ड्रायव्हर पिटमधल्या वेगाच्या शिक्षेमुळे १२ व्या ऐवजी २२ वा आला तर गेले ते दहा पॉइंट्स ऑगस्टमध्ये आठवतात. आधी असं होतं की मार्चमध्ये एक रेस जिंकली की उन्हाळाभर निवांत, आता तो निवांतपणा गेला. एका गाडीच्या मागे लागा असं जे मी सुरुवातीला म्हटलं ते या नियमात सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण रविवारचा प्रत्येक नंबर कुठेतरी जमा होतोय.

आपटण्याबद्दल पण एकदा बोललं पाहिजे, कारण बरेच जण विचारतात की लोक काय अपघात बघायलाच जातात का. नाही. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाला शेवटच्या लॅपला डेल अर्नहार्ट गेला, सात वेळचा चॅम्पियन, ३ नंबर, आणि इथले पन्नाशीचे लोक अजूनही तो दिवस सांगताना थांबतात. त्यानंतर मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं, भिंतींवर धक्का शोषणारे अडसर बसले, गाड्यांचे सांगाडे बदलले. तेव्हापासून कप सिरीजच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० ला न्यूमनची गाडी हवेत उलटी झाली आणि दुसरी गाडी येऊन त्याच्या खिडकीच्या बाजूला धडकली, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि दोनच दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला. अपघात झाला की आम्ही सगळे आधी खिडकीची जाळी खाली पडते का ते बघतो, कारण ड्रायव्हरने जाळी खाली केली म्हणजे तो ठीक आहे.

राहिला रेडिओ, माझ्या मते नॅस्कारची सगळ्यात मोठी देणगी. ड्रायव्हर, क्रू चीफ आणि स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर, या तिघांचं बोलणं कुणालाही ऐकता येतं, ट्रॅकवर स्कॅनर भाड्याने मिळतो, अ‍ॅपवर पण येतं. ड्रायव्हरला मान नीट वळवता येत नाही, बाजूचं दिसत नाही, स्पॉटर त्याचे डोळे असतो, ‘आत आहे, अजून आत आहे, दारापाशी, मोकळा’ असं तीन-चार तास न थांबता. ड्रायव्हर चिडतो, शिव्या घालतो, क्रू चीफ शांतपणे म्हणतो पुढच्या स्टॉपला बघू, आणि वीस लॅप्सनंतर तोच ड्रायव्हर म्हणतो आता गाडी मस्त झाली. टीव्हीवर पुढचे तीन जण दाखवत असतील तेव्हा तुम्ही तुमच्या १७ व्या नंबरवाल्याची पूर्ण गोष्ट ऐकत असता.

भारतातून बघायचं तर वेळेचा त्रास आहे हे खरं. इथली रविवार दुपारची तीनची रेस म्हणजे तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा, फेब्रुवारी-नोव्हेंबरात दीड, आणि शार्लटची ६०० तर सोमवारी पहाटे साडेतीन. माझा मावसभाऊ नाशिकहून सोमवारी सकाळी यूट्यूबवर नॅस्कारच्या चॅनलचे हायलाइट्स बघतो आणि मग फोनवर ‘दादा, चार टायर का घेतले रे त्यांनी?’ असं विचारतो, म्हणजे बरोबर जागेवर पोचलाय तो. सुरुवात करायला तीन रेस सांगेन. डेटोना ५०० वातावरणासाठी, मार्टिन्सव्हिल कारण लहान ट्रॅक आहे आणि सगळं एका नजरेत मावतं, आणि डार्लिंग्टन टायर समजण्यासाठी. तीन वेगळे ट्रॅक, ड्रायव्हर मात्र एकच ठेवा, मध्येच बदलू नका.

आणि इकडे कुणी राहत असाल, किंवा पोरांकडे उन्हाळ्यात आई-बाबा येणार असतील, तर एकदा घेऊन जा. बऱ्याच ट्रॅकवर ठरलेल्या मापाचा कूलर बॅगमधून खाणं-पिणं आत नेता येतं, तिकीट काढताना माप बघून घ्या, घरचे पराठे, चटणी-सँडविच सगळं चालतं. कानाला चांगले मफ्स घ्याच, लहान पोरांना तर नक्कीच, नुसता कापूस पुरत नाही. खालच्या जागा स्वस्त असतात पण तिथून ट्रॅक पूर्ण दिसत नाही, वरच्या रांगेतली घ्या. पाऊस आला तर मोठ्या गोल ट्रॅकवर रेस थांबते, ट्रॅक वाळवायला तास-दोन तास सहज जातात, पूर्णच वाहून गेली तर बहुतेक दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे सोमवारची सुट्टी शक्य असेल तर हाताशी ठेवा. आणि हिरवा झेंडा पडायच्या आधी थोडं लवकर पोचा, म्हणजे तुमचा नंबर पिटच्या भिंतीला कुठे उभा राहणार ते शोधून त्याच्या समोर बसता येईल.